थेम्स, दाजी आणि गोवर्धनघाट

नांदेडात माणूस पायी चालताना दिसला की लोक दोन गोष्टी गृहीत धरतात. एक तर त्याची गाडी पंक्चर झाली असणार, नाहीतर त्याला शुगर निघाली असणार. शुगरवाला पहाटे पाच ते सातच्या दरम्यान, हात जोरजोरात हलवत, ठरलेल्या मैदानाभोवती सापडतो. त्या वेळेनंतर आणि त्या मैदानाबाहेर जो चालतो तो पंक्चरवाला. वारीला निघालेल्याची गोष्ट वेगळी, पण त्याच्या खांद्यावर पताका पाहिजे. खांद्यावर पताका नाही, हातात हवा गेलेली गाडी नाही, आणि तरी उन्हं वर आल्यावर नुसता नदी बघत चाललेला माणूस नांदेडच्या कोणत्याच खात्यात जमा होत नाही. अशा माणसाकडे लोक काळजीने बघतात.

माझ्याकडे ही काळजी ओढून घेण्याचं कारण म्हणजे माझे दाजी.

दाजी लातूरचे. मोंढ्यात अडतीवर मुनीम म्हणून त्यांनी हयात घालवली. तुरीचा दाणा दाताखाली धरला की नुसत्या आवाजावरून ते ओल किती ते सांगतात. लातूर शहराला नदी नाही. मांजरा आहे, पण ती शहराला वळसा घालून जाते, आणि तिच्यावरचं धरण धनेगावला, म्हणजे बीड जिल्ह्यात. 2016 साली ते धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं 144 कलम लागलं, आणि 12 एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ नावाची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात आली. दाजी हार घेऊन स्टेशनवर हजर होते. पाहुणा कोण आणि हार कुणाच्या गळ्यात घालायचा हे गर्दीत कुणालाच ठरवता येईना, तेव्हा त्यांनी तो वाघिणीच्या तोटीला घातला. “कृष्णामाई आलती लातूरला,” असं ते अजून सांगतात, “आन ते बी रिझर्व्हेशन न करता.”

तर अशा माणसाला त्याच्या मुलाने गेल्या उन्हाळ्यात लंडनला नेलं.

मुलगा आणि सून सकाळी ऑफिसला गेले की घरात दाजी आणि ताई दोघंच. टीव्ही इंग्रजी, शेजारी इंग्रज, खिडकीतून दिसणारं मांजरसुद्धा अबोल. शेवटी सुनेने त्यांना थेम्सच्या काठावर नेऊन सोडलं आणि दाजींचं आयुष्य बदललं. थेम्सच्या उगमापासून लंडनपर्यंत काठाकाठाने जाणारी, जवळजवळ 300 किलोमीटरची पायवाट आहे. 1996 साली ती रीतसर सुरू झाली. वाटेवर खांब, खांबावर ओकच्या फळाचं चिन्ह, शेजारी बाण. कुणाला विचारायचं नाही, कुणी अडवायचं नाही. दाजींनी इंग्रजीचा एक शब्द न उच्चारता लंडनचा नदीकाठ पालथा घातला आणि एकदाही रस्ता चुकले नाहीत. लातूरकर तसाही चुकत नाही. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातला आपला कोणता हे ज्याला कळतं, त्याला बाकीचं जग सोपं जातं.

परत आल्यावर ताईला माहेरी सोडायला म्हणून ते नांदेडला आले. पायात पांढरेशुभ्र बूट, डोक्याला पुढे चोच असलेली टोपी. चहाचा पहिला घोट घेऊनच त्यांनी विषय काढला.

“पाव्हणं, थेम्स आपल्या गोदावरीपुढं काय हाय? साडेतीनशे किलोमीटरबी भरत न्हाई. आपली चौदाशे पासष्ट.”

“बरोबर आहे.”

“मंग तुमच्याकडं काठानं जायाची वाट कुठून हाय?”

मी जन्माने नांदेडचा. शाळेत ‘माझे गाव’ या निबंधाचं पहिलं वाक्य गोदावरीवर लिहून दहापैकी सात मार्क घेतलेला माणूस. पण काठाने जायची वाट कुठून आहे, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. मी आठवत असतानाच स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, “आहे की वाट. माणूस मेल्यावर जाते.”

ती गोवर्धनघाटाबद्दल बोलत होती. तिथे स्मशानभूमी आहे. शहरातल्या पुष्कळ लोकांची नदीशी ओळख स्मशानातून होते, त्यातही निम्म्या वेळा माणूस आडवा असतो. पण दाजींना सुरुवातीचं ठिकाण मिळालं तेवढं पुरे होतं. “उद्या सकाळी,” ते म्हणाले. “गाईड नको, रिक्षा नको. आपलं आपण.”

आपलं आपण हा बेत नांदेडात पार पडणं अवघड आहे. लंडनला बाण असतो आणि माणूस बोलत नाही. आमच्याकडे बाण नसतो, त्याची भरपाई माणूस करतो, तीही न विचारता. वजिराबादच्या चौकात मी पानाच्या टपरीवर नुसती सुपारी घ्यायला थांबलो, तर टपरीवाल्याने दाजींच्या बुटांकडे बघून विचारलं, “कुठं जाऊ लालाव?”

“नदीवर.”

“कोण गेलं?”

“कुणी नाही. बघायला चाललोय.”

त्याने मला एकदा पूर्ण बघून घेतलं. “पाई जाऊ लालाव? मंग दूर हाय. गाडीवर असतेत तर हे काय, इथंच होतं.”

अंतर वाहनाप्रमाणे बदलतं हा सिद्धांत मराठवाड्यात सर्वमान्य आहे. टपरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गृहस्थाने आम्हाला वाट सांगायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की नांदेडात कुठलाही पत्ता नदीवरून सांगत नाहीत. पुतळ्यावरून सांगतात, नाक्यावरून सांगतात, मोंढ्यावरून सांगतात, आणि पाडून जिथे आता कॉम्प्लेक्स उभं आहे त्या टॉकीजवरून तर हमखास सांगतात. न दिसणारी टॉकीज सगळ्यांना दिसते. एवढी मोठी नदी मात्र पत्त्यात नाही.

नावात आहे. गोदावरी मेडिकल, गोदावरी मंगल कार्यालय, गोदावरी ट्रॅव्हल्स, गोदावरी भांडी भांडार. माझं निरीक्षण असं की दुकान नदीपासून जितकं लांब, तितकं त्याचं नाव गोदावरी असण्याची शक्यता जास्त. अगदी काठावरच्या दुकानाचं नाव ‘न्यू बॉम्बे’ असतं.

नदीकडे नेणाऱ्या खुणा तरीही आहेत, त्या ओकच्या फळाच्या नाहीत इतकंच. वाढदिवसाचे बॅनर विरळ होऊ लागले की समजावं आपण बरोबर चाललो आहोत. कारण नदीवर मतदार राहत नाही. मग ‘येथे कचरा टाकू नये, हुकुमावरून’ अशी पाटी लागते. या पाटीइतका खात्रीचा वाटाड्या नाही. पाटीखाली कचरा असतो, कचऱ्याच्या मागे उतार असतो आणि उताराच्या खाली गोदावरी असते. दाजींना ही पद्धत समजायला वेळ लागला नाही. तिसऱ्या पाटीपासून ते पुढे आणि मी मागे.

गोवर्धनघाटावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. एका बाजूला दहाव्याचा विधी चालला होता. खेड्यावरून आलेली माणसं, धोतरं, टोप्या, एक तरुण मुलगा नवीन मुंडण केलेला, आणि केळीच्या पानावर पिंड. सगळे झाडाकडे बघत होते. झाडावर पाच-सहा कावळे होते आणि एकही खाली यायला तयार नव्हता.

दहाव्याचा कावळा हा आमच्याकडचा सर्वोच्च लवाद आहे. तो शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली, आणि ती कोणती हे बाकीच्यांनी ओळखून तसं वचन द्यायचं. आमच्यासमोर वचनांची यादी चालू होती. “धाकटीचं लग्न पाडव्याच्या आत करतो, आबा.” कावळा हलला नाही. “आईला दोघं मिळून सांभाळतो.” कावळ्याने मान वळवून दुसरीकडे बघितलं. “बांधाचं भांडण मिटवतो.” हे ऐकून शेजारच्या बांधवाल्याने टोपी सारखी केली, पण कावळा जागेवरच. गुरुजींनी मोबाईलमध्ये वेळ बघितली. त्यांना पुढचा दहावा होता.

दाजी एव्हाना गर्दीत मिसळले होते. लंडनला ते अबोल होते, त्याचा अनुशेष भरून काढायची त्यांना घाई होती. त्यांनी एका म्हाताऱ्याला हळूच विचारलं, “गेलेल्याचा पेरा काय होता?”

“सोयाबीन. चार एकर.”

“माल विकला?”

“घरातच हाय. भाव कुठं हाय?”

दाजींनी मुंडण केलेल्या मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलाने हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “आबा, सोयाबीन हमीभावाच्या खाली विकणार न्हाई.”

एक कावळा फांदीवरून सुटला, अर्ध्यात आला आणि परत फिरला.

“बापाला बाजार म्हाईत होता,” दाजी पुटपुटले. सरकारने 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर केलेला आहे. तो आकडा पेपरात छापलेला असतो, मोंढ्यातल्या पाटीवर वेगळाच असतो. खोटं वचन कावळ्याला चालत नाही. मग दाजींनी पुन्हा कान गाठला, आणि मुलगा थोडा चाचरत म्हणाला, “येईल त्या भावात विकतो आबा, पण सोसायटीचं कर्ज फेडतो.”

कावळा खाली आला. पाठोपाठ बाकीचेही आले. गुरुजींनी दाजींकडे ज्या नजरेने बघितलं त्यात आदर होता आणि थोडी व्यावसायिक धास्तीही होती. म्हाताऱ्याने आम्हाला जेवायचा आग्रह केला. घरी येऊन काहीतरी खाऊन जाच, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. घर पंचवीस-तीस किलोमीटरवर होतं.

इथून पुढे काठाकाठाने जायचं असा दाजींचा बेत होता. तो दहा मिनिटांत एका नाल्यापाशी संपला. थेम्सला काठ सलग असतो. आमच्याकडे घाट सुटे मिळतात. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जायला मध्ये कुठे नाला येतो, कुठे भिंत, कुठे म्हशी, कुठे कुणीतरी हळूहळू पुढे सरकवत आणलेलं मागचं अंगण. मग चढून वर गल्लीत यायचं, गल्लीतून रस्त्यावर, रस्त्याने पुढे जाऊन पुन्हा दुसऱ्या गल्लीतून खाली. नकाशात सरळ दिसणारी निळी पट्टी पायाखाली शिवणीच्या टाक्यासारखी वरखाली होते. याचा फायदा असा की नदी थोडी आणि वस्ती जास्त बघायला मिळते. कुणाच्या दारात तुरीची डाळ भरडून वाळत घातलेली, कुणाच्या ओसरीवर पापड. डाळ दिसली की दाजी थांबत. “ही आपली न्हाई,” म्हणत, “बाहेरची हाय,” आणि पुढे जात. डाळीच्या मालकीणबाई चमकून बघत राहत.

बंदाघाट आणि नगीनाघाट मात्र खरोखर बघण्यासारखे आहेत आणि तिथे बघायला लोकही येतात, फक्त ते नांदेडचे नसतात. पंजाबातून, दिल्लीहून, कॅनडातून आलेले यात्रेकरू पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडतात. बंदाघाटावर 1708 साली माधोदास नावाच्या बैराग्याची कुटी होती. गुरू गोविंदसिंगजी आले तेव्हा बैरागी बाहेर गेला होता, तर गुरुजी त्याच्या खाटेवर बसले. बैरागी परत आला तो संतापून. आणि त्याच दिवशी तो गुरूंचा बंदा झाला, पुढे पंजाबात जाऊन त्याने मोगल सुभेदारांची झोप उडवली. ही हकिगत मी दाजींना शक्य तितकी रंगवून सांगितली. त्यांचं लक्ष खाटेवरच अडकलं.

“मालकाचा भाचा येऊन माझ्या गादीवर बसला, तवा मी काय केलं? वही त्याच्याकडं सरकवली आन घरी आलो,” ते म्हणाले. थोडा वेळ पाण्याकडे बघून पुढे म्हणाले, “बसणाऱ्यावर असतंय ते.”

नगीनाघाटाची कथाही अशीच. एका व्यापाऱ्याने गुरूंना मौल्यवान नगीना भेट दिला. गुरूंनी तो नदीत टाकला. व्यापारी हिरमुसला. “जा, तुझा शोधून आण,” असं गुरूंनी सांगितल्यावर तो पाण्यात उतरला, तर तळाशी नगीनेच नगीने, आपला कोणता तेच कळेना. दाजींनी पाण्यात वाकून पाहिलं. पाण्याची एक बाटली, नारळ, आणि कुणाच्या तरी फोटोची चौकट दिसत होती.

“लातुरात हे झालं नसतं,” ते म्हणाले. “आम्ही नगीना ठेवून घेतला असता आन पाणी मागितलं असतं.”

मग तख्त साहिब गुरुद्वाऱ्यात शिरताना दाजींच्या टोपीची अडचण झाली. तिथे डोकं झाकावं लागतं, पण टोपी चालत नाही, रुमाल पाहिजे. सेवादाराने हसून भगवा रुमाल दिला. लंडनची टोपी खिशात गेली आणि रुमालात दाजी एकदम घरचे दिसू लागले. पंजाबचा महाराजा रणजितसिंग याने 1832 ते 1837 या काळात हे बांधकाम करून घेतलं. त्यासाठी माणसं आणि पैसा पंजाबातून निजामाच्या मुलखात आला. 2008 साली गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी झाली तेव्हा शहरात पुन्हा पैसा आला, रस्ते रुंद झाले, घाट सुधारले. नांदेडकर आपल्या शहराच्या इतिहासाचे दोनच भाग करतो: गुरु-ता-गद्दीच्या आधीचा आणि नंतरचा. शंका आलेला प्रत्येक रस्ता, दिवा आणि दुभाजक यांपैकी एका भागात बसतो.

लंगरमध्ये पंगतीत बसलो. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते, हे दाजींना शेजारच्या लहान सरदार मुलाने डोळ्यांनी खुणावून शिकवलं. मग वरण आलं. दाजींनी बोटाने चाखलं, डोळे मिटले. आता हे वाढणाऱ्याला डाळीचं गाव विचारणार या भीतीने मी त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी विचारलं नाही. तीन वेळा वाढून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “उडीद आन हरभरा. जुनी न्हाई. खरेदी करणारा माणूस जाणता हाय.” दाजींच्या तोंडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी कुणासाठी ऐकलेलं नाही. लंडनच्या जेवणाबद्दल ते दोन महिन्यांत फक्त “गरम होतं” एवढंच बोलले होते.

तिथेच एक गोष्ट कळली. तख्त साहिबच्या स्नानासाठी रोज पहाटे गोदावरीचं पाणी गागरीत भरून नेतात. ते आणणाऱ्याला गागरिया सिंघ म्हणतात. ऊन असो, पाऊस असो, पूर असो, पाणी गोदावरीचंच. म्हणजे या शहरात रोज न चुकता पायी नदीवर जाऊन येणारा एक माणूस आहे, आणि त्याची गाडी पंक्चर झालेली नाही. हे ऐकून दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी टपरीवाल्याला सांगायला परत जायचं म्हटलं. मी आवरलं.

पुढचा टप्पा जुन्या नांदेडचा. गाडीपुरा, होळी, इतवारा. इथल्या गल्ल्या गाडी शोधल्या जायच्या आधीच्या असल्याने पायी माणसाला इथे मान आहे. पाट्या तीन लिप्यांत, बोलणं चौथ्याच भाषेत. मराठी माणूस इथे दुकानात शिरताना दखनी होतो आणि बाहेर पडताना परत मराठी. एक रिक्षावाला आमच्या शेजारून हळूहळू चालवत होता. त्याला आमचं बघवत नव्हतं.

“पैदल कायकू जा रे चच्चा? बैठो ना.”

“नदी देखने को जा रहे,” दाजी म्हणाले.

“नदी तो पीछे छूट गई. जां से आए वहींच थी.”

“आगे भी है.”

“आगे भी वहीच नदी है. एकीच नदी को दो बार कायकू देखना?”

यावर आमच्या दोघांकडे उत्तर नव्हतं. तो पैसे न घेता सोडायला तयार झाला, तरी आम्ही बसेना, तेव्हा त्याने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “चच्चा की तबियत ठीक है ना?”

नंदगिरी किल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. तीन बाजूंनी गोदावरी असलेली ती जागा ज्याने निवडली त्याला नदी कळत होती. नंतरच्या काळात किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याची सोय बसवली गेली, हे ऐकून मात्र दाजी गंभीर झाले. “किल्ला पाण्यासाठीच असतो,” म्हणाले. लातूरच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

नावघाटावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. इथला पूल कमी उंचीचा, पाण्याच्या अगदी जवळून जाणारा. पुलाच्या अलीकडे एका भागात जलपर्णी पसरली होती. दाजी कठड्याला टेकले. “लॉन बरं ठेवलंय,” म्हणाले. मी सांगितलं ते लॉन नाही. शेजारून एक नाला काळंभोर पाणी घेऊन शांतपणे नदीत शिरत होता, कसलीही लाज न बाळगता. दाजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

“थेम्स अशीच होती का हो आधी?”

मी वाचलेलं सांगितलं. 1957 साली लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने थेम्स मेली असं जाहीर केलं होतं. पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता. मग तिथल्या लोकांनी मैलापाणी शुद्ध करूनच सोडायचं असा हट्ट धरला, खर्च केला, आणि आता तिच्यात मासे आहेत, सील येऊन काठावर लोळतात.

“मेली म्हणून जाहीर केली आन परत आली?”

“हो.”

“मंग दहाव्याला कावळा शिवला नसंल.”

मग पाणी पुढे कुठे जातं यावर बोलणं आलं. वर विष्णुपुरीला बंधारा आहे, शंकरराव चव्हाणांचं नाव असलेला. त्याचे दरवाजे उघडले तर शहरात नदी, नाहीतर डबकी. त्याच्याही वर पैठणचं जायकवाडी. खाली धर्माबादकडे बाभळी, तिथे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली तारखाच घालून दिल्या आहेत: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे. थेम्सला भरती-ओहोटी असते, आमच्या नदीला निकालपत्र असतं. आणि बाभळीच्या खाली, तेलंगणाच्या हद्दीवर कंदकुर्तीला, मांजरा येऊन गोदावरीला मिळते.

दाजी ताठ झाले. “म्हंजे आमचं पाणी शेवटी तुमच्यातच की!”

“आमच्यात नाही. नांदेड ओलांडून गेल्यावर मिळतं.”

“मिळतंय ना पण?”

“तेलंगणाला मिळतं.”

महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, हा विषय आमच्या दोन घरांत गेली कित्येक वर्षं जेवताना काढायचा नाही असं ठरलेलं आहे. त्यात आता मांजरेची भर पडली. ताईने रात्री विचारलं, कसं झालं फिरणं, तर दाजी म्हणाले, “नदी चांगली हाय. माणसं त्याहून चांगली हायत. दोघांची भेट मात्र कुणी घालून दिलेली न्हाई.” सौ. म्हणाली की ती भेट गोवर्धनघाटावर होतेच. हे दोघं एकाच घरात राहत नाहीत हे बरं आहे.

माझं मत विचाराल तर गोवर्धनघाट ते नावघाट हे फिरणं नांदेडात राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा करावं, आणि ज्यांच्या हातात नांदेडचं बजेट आहे त्यांनी दोनदा करावं, दुसऱ्यांदा नाल्यांच्या बाजूने. नदीच्या काठाने सलग चालता येईल अशी दहा फूट वाट, नाल्यांवर छोटे पूल आणि पाणी शुद्ध केल्याशिवाय नदीत न सोडण्याचा हट्ट, एवढंच लागतं. खांबावर ओकचं फळ नको. बाण काढलात तर उत्तम, नाही काढलात तरी टपरीवाले आहेत.

ज्यांना जायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर जावं. सकाळी लवकर निघावं, गुरुद्वाऱ्यासाठी स्वतःचा रुमाल बरोबर ठेवावा, आणि ‘कोण गेलं?’ या प्रश्नाला रागावू नये. विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याची बातमी पेपरात असेल त्या दिवशी मात्र घरीच थांबा. त्या दिवशी नावघाटचा पूल पाण्याखाली असतो.